सामाईक भिंतीचे नागूराव

शेजारच्या घरात खिळा ठोकला जाण्याआधी आमच्या दाराची कडी वाजत असे. नागूराव वकिलांना एखादं कॅलेंडर टांगायचं असलं, तरी ते सदऱ्याची वरची गुंडी लावून, पायांत चपला सरकवून, स्वतःच्या पायऱ्या उतरून आमच्या पायऱ्या चढून येत आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून माझ्या वडिलांना विचारत, "मेष्ट्रे, एक खिळा ठोकायचा होता. त्या जागी तुमच्या बाजूला तसबीर वगैरे आहे का? पडायला नको."

मेष्ट्रे म्हणजे मास्तर. वडील हायस्कुलात इतिहास शिकवत. ते हसून म्हणत, "वकीलसाहेब, घर तुमचं, खिळा तुमचा. मला कशाला विचारता?"

"घर माझं. भिंत अर्धीच माझी. आणि कुठली अर्धी, ते कुणाला ठाऊक? म्हणून सगळीचंच विचारायचं. अष्टे."

इतकंच, विषय संपला, अशा अर्थाचा हा 'अष्टे' कन्नड शब्द त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी यायचा. कोर्टातही यायचा म्हणत. खिळा ठोकून झाला की ते पुन्हा येत. "काही सांडलं नाही ना?" म्हणून विचारत आणि मग निर्धास्तपणे कॉफीला बसत. एवढ्याशा खिळ्यासाठी दोन फेऱ्या कशाला, असं आईनं एकदा म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "विचारायला काय जातंय वहिनी? चप्पल झिजते तेवढीच."

म्हैसूरच्या जुन्या भागातली आमची गल्ली मूळची रंगाऱ्यांची. नागूरावांचे पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. त्यांचं घर आणि आमचं घर एकेकाळी एकच होतं. त्यांच्या आजोबांनी आणि आजोबांच्या भावानं वाटणी केली, मधे भिंत घातली, आणि पुढे त्या भावाच्या वारसांनी आपला अर्धा भाग माझ्या आजोबांना विकला. आमचं घराणं कारकुनी आणि मास्तरकी करणारं. दोन्ही घरांत मराठीच बोलायचे, पण ती कन्नडमध्ये इतकी मुरलेली, की पुण्याहून आलेले आमचे एक नातेवाईक दोन दिवस ऐकून म्हणाले होते, "तुमची भाषा गोड आहे. कुठली आहे?"

रंगाचा धंदा नागूरावांच्या वडिलांच्या वेळीच बसला. देश स्वतंत्र झाला तेव्हा नागूराव शाळेत होते. पुढे ते कायदा शिकले आणि त्यांच्याकडे शेजाऱ्यांचीच भांडणं जास्त येऊ लागली. बांध, गटार, पागोळ्या, खिडक्या, आणि सगळ्यांत जास्त भिंती. त्यांची एक पद्धत होती. अशील आला की कागद बघायच्या आधी ते विचारत, "शेजाऱ्याच्या घरात कोण कोण आहे?"

एकदा वरुणा गावाकडचा एक शेतकरी आला होता. त्याला शेजाऱ्याच्या भिंतीला लागून गोठा बांधायचा होता आणि शेजारी आडवा येत होता. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर तुळसक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेंगा सोलू लागले होते.

"भिंतीपलीकडे काय आहे त्याचं?" नागूरावांनी विचारलं.

"मला काय ठाऊक सामी? त्याचं घर."

"घर ठाऊक आहे. त्या भिंतीला लागून काय आहे? चूल आहे, देव आहेत, की बाळंतिणीची खाट आहे?"

"ते मी कशाला बघू?"

"मग आधी बघून या. जाऊन पाणी मागा, प्या, आणि बघून या. मत्ते केस लढू."

मत्ते म्हणजे मग. तो माणूस परत आलाच नाही. तुळसक्का आतून म्हणाल्या, "गेला. पाणी पिऊन दोस्ती झाली असणार. हे असे वकील." नागूराव शेंग फोडत म्हणाले, "हक्क विचारायला सगळे येतात. कर्तव्य विचारायला आजवर एक माणूस आला नाही. आला असता, तर त्याच्याकडून फी घेतली नसती." कायदा म्हणजे तरी काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "स्वल्प भीड. लोकांना आपणहून वाटेना, म्हणून शाईनं लिहून ठेवली. अष्टे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि त्याच वर्षी वडील गेले. घरात आई आणि मी, दोघीच उरलो. नागूरावांचं येणं तसंच चालू राहिलं, फक्त आता ते आईला विचारू लागले. आईला कुणी काही विचारायची सवय नव्हती. पहिल्यांदा ते उंबऱ्यावर उभे राहून "वहिनी, एक खिळा ठोकू का?" म्हणाले, तेव्हा तिनं मागे वळून बघितलं होतं, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला आहे. नंतर मात्र ती त्या भिंतीशी जाऊन, बोटांनी चाचपून, विचार करून उत्तर देऊ लागली. सामाईक भिंतीची खोली आमची आतली खोली. वडिलांची पुस्तकं तिथे होती, त्यांची खाट तिथे होती. ते गेल्यावर आई तिथेच झोपे. मामाकडे दोन दिवस गेली, तरी तिचा डोळ्याला डोळा लागत नसे.

नागूरावांचा थोरला मुलगा श्रीपती बँकेत होता. बन्नूरच्या एका चांगल्या घरातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली, नव्या जोडप्याला स्वतंत्र खोली. नागूरावांच्या घरात जेमतेम दोन खोल्या, त्यात धाकटा मुलगाही मोठा झालेला. त्यांनी ठरवलं, वर मजला चढवायचा. त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. ते म्हणत, "एका चुलीवर नको. दोन सुना, दोन चुली असू देत. पण एका छपराखाली." मुलं डोळ्यांसमोर राहावीत, यापलीकडे त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. श्रीपतीनं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "लग्नाआधी मजला झाला तर इथे, नाहीतर मी कुवेंपुनगरच्या नव्या वस्तीत घर बघतो. तिकडे गेलो की परत येणं होणार नाही अप्पा, आत्ताच सांगतो."

एका रविवारी सकाळी नागूराव आमच्याकडे काळा कोट घालून आले. सुट्टीच्या दिवशी कोट, म्हणून आईला वाटलं, काहीतरी विपरीत घडलं.

"वहिनी, आज शेजारी म्हणून नाही आलो. बांधकाम करणारा म्हणून आलोय. ही नोटीस."

"अय्यो नागण्णा, नोटीस कशाला? कुठे सही करू तेवढं सांगा."

"सही नको. सुशी, तू वाच. मोठ्यानं."

मी वाचली. भिंतीजवळ पण स्वतःच्या जागेत ते सिमेंटचे खांब उभे करणार होते. त्यासाठी पुरुषभर खोल पाया खणावा लागणार होता. नव्या मजल्याचा भार सामाईक भिंतीवर टाकला जाणार नाही, तिच्यात तुळई घुसवली जाणार नाही, पावसाचं पाणी आमच्या बाजूला सोडलं जाणार नाही, आणि तरीही भिंतीला इजा झाली तर ती दुरुस्त करणं त्यांच्याकडे, असं सगळं स्वच्छ लिहिलं होतं.

"छान आहे," आई म्हणाली. "सुशी, पेन आण."

"थांबा. तुम्हाला काय कळलं, सांगा बघू."

"तुम्ही माडी बांधताय."

"मत्ते?"

"मत्ते काय? चांगली होऊ दे."

नागूरावांनी कागदाची घडी घातली. "हा झाला आशीर्वाद. तो मी घेतो. संमती वेगळी. उद्या दोघी गुरुसिद्धप्पांकडे जा. कोर्टात ते नेहमी माझ्याविरुद्धच उभे असतात. त्यांना सवय आहे."

गुरुसिद्धप्पा वकील आम्हाला बघून इतके हसले की त्यांच्या हातातली कॉफी बशीत सांडली. ते कन्नडमध्ये म्हणाले, "या माणसानं काल मला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या शेजारणीची बाजू घे आणि माझी गय करू नकोस. इतकी वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय!" पण हसणं ओसरल्यावर त्यांनी आम्हाला खुर्च्या पुढे ओढायला लावल्या आणि मुलांना शिकवावं तसं समजावून सांगितलं. तुमची जमीन नुसती तुमच्या घराखाली नसते, ती शेजाऱ्याच्या जमिनीला टेकून उभी असते. त्यानं आपल्या हद्दीत खणलं आणि त्यामुळे तुमची माती घसरली, तर 'मी माझ्याच जागेत खणत होतो' हे त्याचं उत्तर चालत नाही. तो आधार काढून घ्यायचा त्याला हक्क नाही. जी भिंत दोघांची, ती एकट्यानं वाढवायची नाही, कापायची नाही, कमकुवत करायची नाही. आई लक्ष देऊन ऐकत होती. घरी येताना बसमध्ये ती एकदम म्हणाली, "म्हणजे आपण नागण्णांना टेकलोय आणि नागण्णा आपल्याला टेकलेत. हे यांनी आधी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, "त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. सही केली असतीस."

गुरुसिद्धप्पांनी अटी कडक घातल्या. सगळा पाया एकदम खणायचा नाही. एक खड्डा खणायचा, खांबाचं बूड भरायचं, ते घट्ट झाल्यावर एक जागा सोडून पुढचा. आमच्या बाजूनं भिंतीवर काचेच्या पट्ट्या चुन्यानं चिकटवायच्या. भिंत जराही हलली तर काच तडकते. आणि शेवटची अट अशी, की शेजाऱ्यांनी सांगताच काम थांबवायचं. ही अट नागूराव खोडतील, असं खुद्द गुरुसिद्धप्पांना वाटत होतं. नागूरावांनी ती वाचली आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : थांबवण्याचं कारण सांगण्यास शेजारी बांधील नाहीत.

तो कागद अजूनही माझ्याकडे आहे. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले. थोर माणसांची थोर वाक्यं खूप वाचली. पण स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून घेणारी अशी ओळ माझ्या वाचनात दुसरी नाही.

गुद्दली पूजेला, म्हणजे पहिली कुदळ मारायच्या मुहूर्ताला, त्यांनी आईला बोलावलं. विधवा बाईला अशा कार्याला पुढे करायची रीत तेव्हा नव्हती. ती मागे दाराशी उभी राहिली. भटजींनी मंत्र म्हटले, नागूरावांनी कुदळ उचलली आणि ती सरळ आईपुढे धरली. "वहिनी, पहिला घाव तुम्ही घाला." कुणीतरी पाहुणी कुजबुजली. तुळसक्कांचाही चेहरा उतरला. नागूराव कुजबुजीकडे वळून म्हणाले, "माती कुणाला टेकून आहे, ते बघून बोला." आईनं कुदळ टेकवली, जेमतेम मूठभर माती उकरली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली, पण मधूनच स्वतःशी हसत होती.

काम सुरू झालं. पहिले खड्डे नीट गेले. श्रीपतीला मात्र दम नव्हता. "अप्पा, हे काय? एक दात पाडायचा, एक ठेवायचा! सरळ चर खणला असता तर एव्हाना खांब उभे असते." नागूराव म्हणत, "सगळे दात एकदम पाडले तर तोंड मिटतं रे बाळ." मजूर हसत आणि श्रीपती पाय आपटत बँकेत जाई.

ज्या दिवशी पुढचा खड्डा खणायला घेतला, त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारचं जेवण होऊन आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. पलीकडून मजुरांचा गलका ऐकू आला, कुणीतरी "निळी! निळी!" असं ओरडत होतं. मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात आमच्या खोलीत, बांगडी फुटावी तसा बारीक आवाज झाला. आई झोपेतच म्हणाली, "कप फोडलास का गं?" मी भिंतीकडे बघितलं. काचेची पट्टी मधोमध तडकली होती. तिच्या वर कोनाड्यापासून खाली फरशीपर्यंत भेग गेली होती, आणि कोनाड्यापाशी तिच्यात पेन्सिल मावली असती.

मी अनवाणीच धावले. त्यांच्या अंगणात सगळे खड्ड्याभोवती वाकून उभे होते. खड्ड्यातून ओली, गडद निळी माती वर येत होती. श्रीपती त्या दिवशी रजेवर होता. तोही हसत होता. "अप्पा, तुमच्या आज्ज्याची नीळ! अजून आहे!" नागूरावांच्या तळहातावर त्या मातीचा गोळा होता. ते तो नाकाशी नेऊन वास घेत होते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "माझ्या आज्ज्याचे हात असेच होते," ते म्हणाले. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काका, थांबवा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोच मातीचा हात वर केला. "निल्लिसी," ते मजुरांना म्हणाले. थांबवा. कुदळी थांबल्या.

"का? काय झालं?" श्रीपती म्हणाला.

"कारण विचारायचं नाही. लिहून दिलंय."

"अप्पा, भिंत बघा ना! चुनासुद्धा उडालेला नाही. सुशी, तूच बघ."

खरंच होतं. त्यांच्या बाजूला भिंत ठणठणीत होती. मी म्हटलं, "आमच्याकडे येऊन बघ."

"मला नाही बघायचं. घर पडेल अशी भीती धरून बसलात, तर रोज भेगाच दिसणार. लग्न तोंडावर आलंय माझं, तुला काय त्याचं?"

तो आला नाही. नागूराव आले. त्यांनी भेग बघितली आणि पहिलं वाक्य भिंतीबद्दल बोलले नाहीत. "वहिनी, उठा. उशी राहू दे. आधी बाहेर." आईला हाताला धरून त्यांनी ओसरीवर आणून बसवलं. मग परत जाऊन त्यांनी मजुरांबरोबर खड्डा बुजवायला घेतला. टोपल्या कमी पडल्या तर धोतराच्या सोग्यातून माती वाहिली. अंधार पडायच्या आत खड्डा भरला आणि दोन्ही घरांतून भिंतीला लाकडी टेकू लागले. पुढे कितीतरी दिवस त्यांची नखं निळी होती. न्यायाधीशांनी विचारलं तर ते म्हणाले म्हणे, "वडिलोपार्जित आहे, साहेब."

तसं ते होतंही. भिंतीच्या बरोबर खाली रंगाचा जुना हौद निघाला. वाटणीच्या वेळी दोघा भावांपैकी एकही हौद सोडायला तयार नव्हता. शेवटी अर्धा अर्धा करायचं ठरलं आणि भिंत हौदाच्या मधून नेली गेली. मग राख, चिंध्या, मोडके ठसे टाकून हौद बुजवला. आमच्या सगळ्या पिढ्या त्या भरावावर टेकलेल्या भिंतीला पाठ लावून झोपल्या. नागूराव कपाळावर हात मारून म्हणाले, "अर्धा हौद! अर्ध्या हौदात काय रंगवणार होते ते? रुमाल?"

इंजिनिअरनं सोपा उपाय सांगितला. आमच्या संमतीनं भिंत पाडायची, हौद उपसायचा, नवी भिंत घालायची. लग्नाआधी मजला होईल. तोवर आम्ही दोघींनी दुसरीकडे राहायचं. आई लगेच म्हणाली, "पाडा. मी भावाकडे जाते."

श्रीपतीचा चेहरा उजळला. नागूराव आईकडे वळले.

"झोप लागेल तिकडे?"

"लागेल की."

"खरं सांगा वहिनी."

आईनं पदर सारखा केला.

"भिडेची संमती मला चालत नाही," नागूराव म्हणाले. "भिंत राहील. अष्टे."

"आणि मी?" श्रीपतीनं विचारलं. "मी कुठे राहू?"

हा एकच प्रश्न मी त्यांना अनुत्तरित सोडताना पाहिला.

मग भिंतीखालचा भराव हातानं, वितीवितीनं काढायचा, तिथे दगड आणि चुना भरायचा, तो घट्ट होईस्तोवर थांबायचं, मग पुढची वीत, असं काम सुरू झालं. मधे पाऊस आला. टेकू आमच्या खोलीत उभेच होते आणि आई त्यांच्यामधून वाट काढून वडिलांच्या पुस्तकांवरची धूळ झटकत असे. लग्न झालं. श्रीपतीनं कुवेंपुनगरात घर भाड्यानं घेतलं. त्याचं कपाट टेंपोत चढत होतं, तेव्हा तुळसक्का अंगणात उभ्या राहून, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "राखलीत भिंत! आता तिलाच मुलगा म्हणा." नागूराव टेंपोमागे गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, ते मिटून परत आले.

भिंत पक्की झाली, तोवर धाकट्याचीही बदली झाली होती. आता खुशाल बांधा, असं इंजिनिअर म्हणाला. नागूराव म्हणाले, "वर कुणाला ठेवू? कबुतरांना?" तोवर वर आलेले अर्धे खांब तसेच उभे राहिले. तुळसक्का त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालत. त्या माझ्याशी बरेच महिने नीट बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग कधी आला नाही. नवऱ्याचा मोठेपणा त्यांना सोसावा लागत होता. तो लांबून बघायला मला सोपं होतं.

आई पुढे पुष्कळ वर्षांनी गेली, त्याच खोलीत, शांतपणे. तुळसक्का गेल्यावर श्रीपती वडिलांना घेऊन गेला. त्याचा राग मुलं झाल्यावर निवळला होता, पण त्या दिवसाबद्दल बापलेकांत बोलणं झालं नसावं. मी महिन्यातून एखाद्या रविवारी कुवेंपुनगरच्या बसनं त्यांना भेटायला जाई. तिथल्या घराला चारी बाजूंनी मोकळी जागा होती. नागूराव खिडकीशी बसून शेजारच्या बंगल्याकडे बघत आणि म्हणत, "इथे सगळं सुटं सुटं आहे गं. कुणाला काही विचारायला नको. दिवस जात नाही."

एकदा धीर करून मी विचारलं, "काका, त्या दिवशी मी आले नसते तर?"

"काम चाललं असतं," ते म्हणाले. "माझ्या बाजूला भिंत चांगली होती. श्रीपती खोटं बोलत नव्हता. मी वकील असलो तरी मला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं."

"आणि श्रीपती गेला त्याचं?"

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. आत सून नातवाला रागावत होती. "ती भेग माझ्या बाजूची होती, सुशी. ती मला दिसत होती. दिसते ती सोसता येते." मग नेहमीचा शब्द येईल म्हणून मी थांबले. तो त्या दिवशी आला नाही.

मागच्या महिन्यात ते गेले. पहाटे दूधवाल्याला दार उघडायला उठले आणि खुर्चीत बसले ते बसलेच, असं श्रीपतीनं फोनवर सांगितलं.

तेराव्याच्या वैकुंठ समाराधनेचं बोलावणं करायला तो स्वतः आला. केस पांढरे झालेत त्याचेही. जेवायला यायचं, घरचं कार्य समजून लवकर यायचं, असं सगळं सांगून झालं, तरी तो ओसरीवर उभाच राहिला. मग चपला काढत म्हणाला, "सुशी, आतल्या खोलीत जरा येऊ का?"

इतक्या वर्षांत तो त्या खोलीत आला नव्हता. मी दिवा लावला. भेग बुजवली तिथे चुन्याचा जाड वण आहे; कितीही रंग दिला तरी तो वर दिसतो. श्रीपतीची नजर कोनाड्यापासून हळूहळू खाली आली आणि फरशीपाशी थांबली. तिथे वडिलांची खाट अजून आहे. आई ज्या बाजूला डोकं करायची, ती उशीची बाजू भिंतीकडे आहे.

"काकू इथे झोपल्या होत्या?" त्यानं विचारलं. "त्या दुपारी?"

"हो."

"अप्पांनी हे कधी सांगितलं नाही."

तो खाली वाकला आणि त्या वणावर फरशीपासून वरपर्यंत हळूहळू तळहात फिरवत गेला. कोनाड्यापाशी हात पोचला, तेव्हा तिथेच ठेवून तो उभा राहिला. मी कॉफी करायला स्वयंपाकघरात गेले आणि फिल्टरमधून डिकॉक्शन उतरेपर्यंत बाहेर आले नाही.